भिंतीतला हात आणि परत दारापाशी: ही शिक्षा न्याय्य म्हणावी का?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माझा बारा वर्षांचा भाचा आमच्या घरी 'ऑकरिना ऑफ टाइम' खेळत बसला होता. झेल्डा मालिकेतला हा खेळ मुळात १९९८ साली निन्टेंडो ६४ या खेळयंत्रासाठी आला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तो निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर वर्गणी भरून खेळता येतो. पाऊण तास तो फॉरेस्ट टेंपल या वनमंदिरात वाट काढत होता. मशालींच्या ज्योती पळवणाऱ्या चार पिशाच्च बहिणींपैकी लाल आणि निळी या दोघींना त्याने हरवले होते आणि मधल्या दालनातल्या त्यांच्या मशाली पुन्हा पेटल्या होत्या. एवढ्यात लिंकच्या, म्हणजे खेळाच्या नायकाच्या, पायाखाली एक काळी सावली पडली आणि ती मोठी होत गेली. वरून सूं असा आवाज आला, छतावरून एक भलामोठा, सुरकुतलेल्या बोटांचा हात कोसळला आणि त्याने लिंकला मुठीत धरून मंदिराच्या दाराशी नेऊन सोडले.

भाच्याने काही न बोलता कंट्रोलर चटईवर ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, मेलो असतो तरी चाललं असतं. हा मारतच नाही, नुसता परत पाठवतो." तेव्हापासून तो खेळाला हात लावायला तयार नाही.

या हाताला वॉलमास्टर म्हणतात आणि मालिकेच्या पहिल्या खेळापासून तो खेळाडूंच्या मागे लागलेला आहे. माझा प्रश्न मनापासूनचा आहे. जीव न घेता माणसाची चाललेली वाट हिरावून घेणारा असा शत्रू खेळात असावा का? आणि असावा, तर मुलाला ते कसे समजावून सांगावे?

निपाणीकर

मी पूर्णपणे तुमच्या भाच्याच्या बाजूने आहे. आपण सगळे सापशिडी खेळत मोठे झालो. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट हेच त्या खेळाचे जुने रूप, आणि त्यातसुद्धा साप गिळतो म्हणजे मारत नाही, खालच्या घरात आणून सोडतो. पण तिथे सगळा हवाला फाशावर असतो, त्यामुळे ९८ वर गिळला गेलो तरी मन फार खट्टू होत नाही. इथे मात्र तुम्ही स्वतःच्या हिमतीने एकेक दार उघडत गेलेले असता. नशिबाने काढून घेतले तर माणूस सोसतो, पण कष्टाने मिळवलेले कोणी उचलून नेले की ते मनाला लागते.

शहापूरचा_माग

निपाणीकर, आपण सापशिडीचा दाखला दिलात म्हणून लिहायला बसलो. माझे म्हणणे असे की वॉलमास्टर नशिबावर चालत नाही, आणि हे पहिल्याच खेळात स्पष्ट दिसते.

'द लेजंड ऑफ झेल्डा' जपानमध्ये २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला. मी तो कितीतरी वर्षांनी शेजारच्या दादांच्या संगणकावर खेळलो. त्यातल्या भुयारांच्या खोल्या सगळ्या एका मापाच्या आहेत: आडव्या १२ आणि उभ्या ७ चौकटी, म्हणजे एकूण ८४. पहिल्याच भुयारात वॉलमास्टरची एक खोली लागते. आत शिरलात की खोली रिकामी दिसते. तुम्ही भिंतीला लागून चालू लागलात की त्या भिंतीतून हात बाहेर येतो, थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा भिंतीत शिरतो. त्या वेळात त्याने तुम्हाला गाठले की तुम्ही भुयाराच्या दाराशी. आता हिशेब करा. ८४ पैकी भिंतीलगतच्या चौकटी ३४ आहेत. मधल्या ५० चौकटींत उभे राहिलात तर भिंतीतले हात भिंतीतच राहतात. या नियमात फाशाला कुठेच जागा नाही. तो नियम कुठे लिहून दिलेला नाही आणि खेळाडूने तो स्वतः शोधून काढायचा आहे, एवढेच.

मी हा नियम शोधला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते हे आजही आठवते, कारण कारखान्यातला भोंगा झाला आणि मी तरीही उठलो नाही. चार वेळा दाराशी जाऊन पडलो होतो. पाचव्या वेळी मुद्दाम भिंतीपासून एक चौकट दूर उभा राहिलो आणि नुसता पाहत राहिलो. हात आलाच नाही. मग एक पाऊल भिंतीकडे टाकले, हात बाहेर यायला लागला, मी मागे सरकलो, तो समोर आला आणि तलवारीच्या टप्प्यात सापडला. ज्या हाताला मी घाबरत होतो त्याला बोलावून घेता येते, हे कळले त्या क्षणाचा आनंद मला अजून पुरतो.

आमच्या घरी चार पिढ्या माग आहे. ताण्यातला एखादा धागा तुटलेला ध्यानात आला नाही, तर चूक वीतभर कापड विणून झाल्यावर दिसते. मग एकेक बाणा काढत त्या जागेपर्यंत मागे यावे लागते. तेवढी मजुरी बुडते आणि संताप येतो हे खरे, पण धागा तिथे तुटला होता हेही खरे असते. भाच्याचे म्हणाल, तर त्या खोलीत सावली पडली होती आणि आवाजही झाला होता.

आणखी एक. "मेलो असतो तरी चाललं असतं" हे त्याचे म्हणणे त्याला पुन्हा तपासायला सांगा. या दोन्ही खेळांत भुयारात मेलात तर तुम्ही दाराशीच येता, आणि तेही अवघी तीन हृदये घेऊन (या खेळांत प्राण हृदयांत मोजतात). हात नेतो तेव्हा प्राण तुमच्याजवळच राहतात, उघडलेली कुलपे उघडी राहतात आणि भाच्याने पेटवलेल्या दोन्ही मशालीही पेटलेल्याच राहतात. तो समजतो तेवढे त्याचे गेलेले नाही.

खानापूरची_लेक

माग दादा, ३४ आणि ५० चा हिशेब वाचून फार आनंद झाला. मी तो खेळ दोनदा पुरा केला, पण चौकटी कधी मोजल्या नव्हत्या.

मला हा हात पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्याकडचा चकवा आठवला. भीमगडच्या बाजूला आमचे आजोळ आहे. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर ज्या झाडापासून निघाला त्याच झाडाखाली उभा असतो, असे आजोबा सांगत. चकवा मारत नाही, चावत नाही, फक्त वाट काढून घेतो. म्हणूनच वाघापेक्षा त्याची भीती जास्त, असे त्यांचे मत होते, कारण वाघाशी काय करायचे ते अंगाला कळते आणि चकव्याशी काय करायचे ते कळत नाही. चकवा लागल्यासारखे वाटले तर जागीच बसावे आणि उजाडेपर्यंत हलू नये, हा त्यांचा उपाय. माग दादा खोलीच्या मधोमध उभे राहून नुसते पाहत राहिले, तेही मला त्याच जातीचे वाटले.

आमच्या त्या भागात तळेवाडी आणि कृष्णापूरच्या मध्ये बारापेडे गुहा आहेत. जगात क्वचितच आढळणारी वटवाघळे तिथे राहतात, म्हणून त्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. लहानपणी त्या बाजूला गेलो की मोठी माणसे बजावत, "आधी वर बघ, मग पाऊल टाक." फॉरेस्ट टेंपलमध्ये मला तीच सवय कामी आली. मियामोतो हे क्योतोजवळच्या सोनोबे गावचे, आणि लहानपणी रानात भटकताना कंदील घेऊन एका गुहेत शिरल्याची आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. गुहेत शिरलेल्या मुलाला छताची जी धास्ती असते ती या खेळात उतरली आहे, असे मला नेहमी वाटते.

राजहंसगड_पायथा

चकव्याची उपमा सुंदर आहे, तरी ती मला पुरती पटत नाही. चकव्यात माणसाला आपण कुठे आहोत हेच उमगत नाही. वॉलमास्टर तुम्हाला सर्वांत ओळखीच्या जागी, म्हणजे ज्या दारातून आलात तिथेच नेऊन ठेवतो. वाट त्याने घेतली असे म्हणण्यापेक्षा वाट पहिल्यापासून चालायला लावली असे म्हणू या.

हा शत्रू बदलत कसा गेला, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. १९८६ मध्ये तो भिंतीत होता आणि तो येणार याची सूचना काहीच नव्हती. १९९१ च्या 'अ लिंक टु द पास्ट' मध्ये तो छतावर गेला आणि पडण्याआधी त्याची सावली जमिनीवर दिसू लागली. १९९८ मध्ये खेळ त्रिमित झाला, तेव्हा सावली, वरचा आवाज आणि नावी नावाच्या परीचा इशारा, असे तिन्ही आले. छताला लटकणाऱ्या राक्षसांच्या सावलीपासून सावध राहा, असे ती स्पष्ट सांगते. शिक्षा तीच ठेवून सूचना वाढवत नेण्याचा हा क्रम आहे. करणाऱ्यांना तो हात क्रूर वाटला असेल तर त्यांनी तो मवाळ केला नाही, त्याच्या पायात घुंगरू बांधले. मला हा मार्ग योग्य वाटतो.

कॅम्पातल्या_बाई

मी शाळेत शिकवते आणि आपणा सर्वांच्या मताच्या थोडी विरुद्ध बाजू मांडू इच्छिते.

नियम आहे, सूचना आहे, सगळे मान्य. पण ही शिक्षा वेळेत मोजलेली आहे. जिवात मोजलेली शिक्षा सर्वांना सारखी असते, कारण सुरुवातीला प्रत्येकाकडे तितकीच हृदये असतात. वेळेत मोजलेली शिक्षा ज्याच्याकडे वेळ थोडा त्यालाच जड जाते. हा मुलगा मामाच्या घरी रविवारी तासभर खेळतो, आणि त्या तासातला पाऊण तास एका मुठीत गेला. ज्याला रोज चार तास मिळतात त्याला हाच हात गमतीचा वाटेल.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी येळ्ळूरहून शहरात आली होती. तिसऱ्या खिडकीवर तिला सांगण्यात आले की एका कागदावर सही राहिली आहे, पुन्हा पहिल्या खिडकीपासून या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. त्या नियमाची पाटीसुद्धा भिंतीवर लावलेली होती म्हणे. म्हणून सूचना होती एवढ्यावर मी कोणत्याही शिक्षेला न्याय्य म्हणायला तयार नाही. परत पाठवले जाणाऱ्याचा तो दिवस कसा गेला, हेही पाहिले पाहिजे.

शहापूरचा_माग

बाई, आपला मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो बरोबर आहे. वीतभर कापड उसवण्याचा दाखला मी दिला, पण रोजंदारीवरच्या विणकराला तो मालकापेक्षा महाग पडतो, हे मलाच आधी सुचायला हवे होते. त्या मुलाचा पाऊण तास मी हलका लेखला.

चिकोडीकर

वॉलमास्टरपेक्षा वाईट शत्रू याच मालिकेत आहे आणि त्याची आठवण कोणीच काढली नाही, म्हणून लिहितो. लाइक लाइक. नळकांड्यासारखा, मऊ, सावकाश सरकणारा. तो लिंकला गिळतो आणि ढाल खाऊन टाकतो.

पहिल्या खेळात मोठी ढाल तीन वेगवेगळ्या दुकानांत ९०, १३० आणि १६० रुपयांना (म्हणजे खेळातल्या 'रुपी' या चलनात) मिळते, आणि जवळ जास्तीत जास्त २५५ रुपये ठेवता येतात. म्हणजे ओळखीचे दुकान दूर असेल तर निम्म्याहून अधिक गाठोडे एका ढालीत जाते, आणि तो प्राणी ती घटकाभरात गिळतो. 'ऑकरिना' मध्ये तर तो २०० रुपयांचा गोरॉन अंगरखा आणि ३०० चा झोरा अंगरखाही सोडत नाही. तिथे त्याला लगेच मारले तर वस्तू परत मिळते, ही एक सोय आहे. हात तुम्हाला दाराशी नेतो पण खिशाला धक्का लावत नाही. चाललेली वाट पुन्हा चालता येते, पण गेलेल्या ढालीसाठी पुन्हा गवत कापत पैसे गोळा करावे लागतात. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मला दुसरे नुकसान जास्त झोंबते.

निपाणीकर

चिकोडीकर, २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंग्डम' मध्ये लाइक लाइक परत आला तेव्हा मी त्याला पाहून खोलीत मोठ्याने ओरडलो आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. माझी चांगली ढाल गेली होती.

मलप्रभेकाठी

'टिअर्स ऑफ द किंग्डम' चा विषय निघाला आहे, तर मूळ हाताचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे.

मधल्या खेळांत त्याची भावंडे बरीच आली. 'ऑकरिना' मधलाच फ्लोअरमास्टर जमिनीवर फिरतो, वार केला की त्याचे तीन लहान हात होतात, आणि त्यांना वेळेत संपवले नाही तर ते पुन्हा मोठे होतात. २००२ च्या 'द विंड वेकर' मध्ये जमिनीवरच्या काळ्या डबक्यातून हात निघतात आणि लिंकच्या सोबत्यालाही, म्हणजे मेडलीला किंवा माकारला, उचलून कोठडीत टाकतात. तो अनुभव मला सर्वांत कठीण गेला. स्वतःला नेले तर राग येतो, पण आपल्या भरवशावर आलेल्याला डोळ्यांदेखत नेले की अपराधी वाटते. २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' मध्ये तर हाताला तुमच्याशी देणेघेणेच नाही. तुम्ही उचललेला प्रकाशाचा गोळा परत त्याच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवण्यासाठी तो मागे लागतो, आणि महालाचा बराच भाग त्या धाकाखाली पार करावा लागतो.

२०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये हात नव्हता, आणि मला वाटते तो असूही शकला नसता. त्यातली १२० देवळे इतकी लहान आहेत की दाराशी नेऊन सोडले तरी फारसे बिघडत नाही, शिवाय खेळ स्वतःहून वरचेवर नोंद ठेवतो. परत पाठवण्याची शिक्षा वाट लांब असेल तेव्हाच शिक्षा ठरते. म्हणून २०२३ मध्ये हात परत आणताना त्यांनी त्याचे कामच बदलले. आता पाच हात एकत्र येतात, काळसर लाल चिखलातून वळवळत धावतात, आकाशाचा रंग पालटतो आणि संगीत असे काही होते की मी पहिल्यांदा आवाज बंद करून पळालो. ते पकडतात तेव्हा दाराशी नेत नाहीत, हृदयांची मर्यादाच कमी करतात. गेलेले हृदय नेहमीच्या औषधाने भरत नाही, त्यासाठी वेगळा उपाय करावा लागतो. म्हणजे वाट घेणारा हात शेवटी जीव घेणारा झाला.

आणि टिळकवाडीकर, एक गोष्ट आपल्या भाच्याला जरूर सांगा. ते पाचही हात मारले की त्यांच्या जागी फँटम गॅनन उभा राहतो. फॉरेस्ट टेंपलच्या शेवटी जो त्याची वाट पाहत आहे तोच. १९९८ मध्ये एका मंदिरात हात आणि तो राक्षस होते, आणि २५ वर्षांनी दोघे पुन्हा एकाच जागी आले. मला हे कळले तेव्हा अंगावर काटा आला होता.

राजहंसगड_पायथा

मलप्रभेकाठी, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मनापासून आभार. त्या पाच हातांपासून वाचायचे असेल तर उंचावर चढावे, हेही नव्यांसाठी नोंदवून ठेवतो.

टिळकवाडीकर

इतके मन लावून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. बाईंचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला आणि तिने रविवारची वेळ तासावरून दीड तास केली आहे. माग दादांचा मुद्दा मी भाच्याला सांगितला. दोन्ही मशाली पेटलेल्याच आहेत यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून यंत्र सुरू करून मधले दालन त्याला दाखवले. तो बराच वेळ त्या दोन ज्योतींकडे पाहत राहिला.

पण मूळ प्रश्न अजून उरतो, कारण त्याने तो पुन्हा विचारला: "मी वर बघत चाललो तर समोरचे शत्रू मारतात, समोर बघत चाललो तर वरचा नेतो. मग मी करायचं काय?"

खानापूरची_लेक

त्याला सांगा, वर बघायचे नाही, ऐकायचे. आवाज आला की ज्या दिशेला जागा मोकळी असेल तिकडे सरकायचे. हात रिकाम्या जमिनीवर आदळतो आणि क्षणभर तिथेच राहतो. तलवार चालवायची वेळ तीच. खोलीत दूरदर्शन संचाचा आवाज बारीक ठेवला असेल तर आधी तो वाढवा.

दुसरे, बाईंच्या आक्षेपावरचा उपाय खेळातच आहे. झोराज फाउंटनमध्ये बाँबने भिंत फोडली की एक मोठी परी भेटते आणि ती 'फरोरेज विंड' ही विद्या देते. त्याआधी डेथ माउंटनच्या माथ्यावरच्या परीकडून जादूची शक्ती मिळालेली असली पाहिजे. मंदिरातल्या एखाद्या खोलीच्या दारात ही विद्या वापरून खूण ठेवायची. मग हाताने कितीही वेळा दाराशी नेले तरी त्या खुणेपाशी थेट परतता येते. पुष्कळ जण ही विद्या घ्यायचीच विसरतात. फॉरेस्ट टेंपलच्या आधी ती घेता येते.

कॅम्पातल्या_बाई

हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याच्यासाठी करणाऱ्यांनी एक वाट ठेवली होती, फक्त ती शोधावी लागते. माझा आक्षेप मी अर्धा मागे घेते. उरलेला अर्धा असा की ही वाट नवख्या मुलाला आपणहून सापडत नाही, कोणीतरी सांगावी लागते.

टिळकवाडीकर

आजचा रविवार. भाचा सकाळी दहालाच आला. जादूची शक्ती त्याच्याकडे आधीच होती. मंदिरात न जाता तो थेट झोराज फाउंटनला गेला, तीन बाँब वाया घालवून चौथ्याने भिंत फोडली आणि विद्या घेऊन आला. मग वनमंदिरात मधल्या दालनाच्या दारातच त्याने खूण ठेवली.

पुढे एका खोलीत सावली पडली. मी श्वास रोखून बसलो होतो. तो डावीकडे सरकला, हात फरशीवर आदळला, बोटे पसरली, आणि त्याने दोन वार केले. तिसरा वार करायच्या आत हात परत छताकडे गेला. "थांब, येईल परत," असे म्हणून तो तिथेच उभा राहिला. आता तिसरी मशाल पेटली आहे. जांभळी राहिली आहे, आणि ती बहीण खोटी रूपे दाखवून फसवते असे त्याने कुठेतरी ऐकले आहे. तिच्याबद्दल कोणी काही सांगू नये, अशी त्याची सर्वांना विनंती आहे.